पावतीआधी परवानगी विचारा

दसरा उलटला, डोंगरावरचे गवत पिवळे पडू लागले की गडांवरच्या श्रमदान मोहिमा सुरू होतात आणि त्यांच्याबरोबर निधीची आवाहनेही फिरू लागतात. ढासळलेल्या बुरुजाचा फोटो, शेजारी संस्थेचे बोधचिन्ह, खाली क्यूआर कोड आणि एक ओळ: गडाच्या कामात आपलाही एक चिरा असू द्या. जुलै २०२५मध्ये साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी हे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. अशा बातमीनंतर आपणही काही द्यावे असे कुणालाही वाटेल. कुणी पाचशे देतो, कुणी हजार, कुणी वडिलांच्या स्मरणार्थ पाच हजार. या पैशामागे खरी माया असते, म्हणून तो कुठे जातो हे पाहण्याची जबाबदारीही मोठी.

देणगी देताना आपल्या मनात बहुधा एकच शंका असते, की हे लोक पैसे खाणार तर नाहीत? ती रास्त आहे, पण वारशाच्या कामात तिच्याआधी दुसरी विचारायला हवी. या लोकांना त्या दगडाला हात लावण्याची परवानगी आहे का, आणि तो कसा लावायचा याची त्यांना जाण आहे का? पैशाचा घोटाळा झाला तर तक्रार होते, चौकशी होते, कधी वसुलीही होते. साडेतीनशे वर्षांच्या तटात कोंबलेले सिमेंट मात्र काढू गेले तर मूळ चिऱ्यांच्या कडा फुटतात. हिशेब पैशापैशाचा चोख, माणसे निर्मळ मनाची आणि तरीही वास्तूचे कायमचे नुकसान, असे घडते आणि मला सर्वांत जास्त वाईट त्याचेच वाटते. कारण तिथे देणगीदारांपैकी कुणी एकानेही योग्य वेळी योग्य प्रश्न विचारला असता तर बरेच काही वाचले असते.

गडासाठी वर्गणी काढण्याची आपली परंपरा जुनी आहे. रायगडावरील शिवछत्रपतींच्या समाधीच्या दुरवस्थेकडे लक्ष वेधून लोकमान्य टिळकांनी १८९५मध्ये ‘केसरी’तून निधीचे आवाहन केले. लोकांनी पैसे दिले. प्रत्यक्ष समाधीचे काम पुरे होईपर्यंत मात्र १९२६ साल उजाडले. मधल्या तीस वर्षांत सरकारी परवानग्या होत्या, राजकारण होते, खुद्द टिळकांचा तुरुंगवास आणि मृत्यूही होता. निधी जमणे आणि काम उभे राहणे यांत किती अंतर पडू शकते याचे हे आपल्याच इतिहासातले उदाहरण आहे. आजही जी संस्था ‘पुढच्या रविवारी काम संपवू’ म्हणते, तिच्यापेक्षा ‘परवानगीला आठ महिने लागतील, तोवर मोजणी करू’ म्हणणारी संस्था मला अधिक भरवशाची वाटते.

गड कुणाच्या ताब्यात आहे?

पहिले पाऊल फोनवरच उचलता येते. ज्या वास्तूसाठी पैसे मागितले जात आहेत ती कुणाच्या संरक्षणाखाली आहे, हे विचारा. उत्तरे साधारण चार प्रकारची असतात.

काही वास्तू केंद्र संरक्षित आहेत. त्यांवर १९५८च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यानुसार भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा अधिकार चालतो. आपल्याकडे या खात्याची मुंबई, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर अशी मंडळे आहेत. काही राज्य संरक्षित आहेत. त्यांच्यासाठी १९६०चा महाराष्ट्राचा कायदा आहे आणि काम पाहते ते राज्याचे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय. जागतिक वारसा यादीतल्या बारा किल्ल्यांचेच पाहा. रायगड, शिवनेरी, लोहगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि जिंजी हे आठ केंद्राकडे आहेत, तर साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड हे चार राज्याकडे. म्हणजे रायगडावर काम करायचे तर एका कार्यालयाची परवानगी लागते आणि राजगडावर करायचे तर दुसऱ्याच. जी संस्था राजगडाच्या कामासाठी केंद्राच्या कुठल्याशा पत्राचा हवाला देते, तिचा मूलभूत अभ्यासच झालेला नाही.

तिसरा प्रकार असंरक्षित गडांचा. सह्याद्रीतले कितीतरी छोटे किल्ले कुठल्याच यादीत नाहीत. पण यादीत नाही म्हणजे बेवारस, असे नसते. त्यांतले बरेच वनखात्याच्या जमिनीवर आहेत, काही महसुली आहेत, काही चक्क कुणाच्या सातबाऱ्यावर. जमीन ज्याची त्याचे लेखी पत्र हवे. आणि चौथा प्रकार गावातली जुनी मंदिरे, मशिदी, वाडे, बारवा यांचा. तिथे देवस्थानाचे विश्वस्त, ग्रामपंचायत किंवा खासगी मालक यांची संमती लागते.

संरक्षित वास्तूची नासधूस केल्यास केंद्रीय कायद्याप्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय संरक्षित हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम मनाई आहे आणि त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगीशिवाय करता येत नाही. चांगल्या हेतूने बांधलेली पत्र्याची शेड किंवा पायऱ्याही त्यात येतात. तेव्हा संस्थेला सरळ म्हणा: ‘दादा, परवानगीच्या पत्राची प्रत पाठवता का?’ पत्र आले की तीन गोष्टी पाहा. त्यावर जावक क्रमांक आणि तारीख आहे का, मुदत संपलेली नाही ना, आणि त्यात नेमके कोणते काम लिहिले आहे. हे तिसरे फार महत्त्वाचे. स्वच्छतेची परवानगी म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे. झुडपे तोडायला मिळालेल्या पत्रावर तट रचायला घेणे हा नियमभंगच आहे.

‘आम्ही हा किल्ला दत्तक घेतला आहे’ हे वाक्यही तपासून घ्यावे. केंद्राची वारसा दत्तक योजना २०१७मध्ये सुरू झाली आणि २०२३मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणाने ती नव्या रूपात आणली. राज्याचीही संरक्षित स्मारकांच्या संगोपनाची योजना आहे. केंद्राच्या योजनेत भर आहे तो पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, माहितीफलक, दिवाबत्ती अशा सोयींवर. वास्तूची दुरुस्ती त्यात आपोआप येत नाही. दत्तक घेतल्याचा करार असेल तर तो कागदावर असतो आणि त्यात कोणी काय करायचे ते लिहिलेले असते. मुंबईच्या भायखळ्यातले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय हे या बाबतीत आठवावे असे काम. २००३मध्ये महापालिका, जमनालाल बजाज फाउंडेशन आणि वारसा संवर्धन करणारी इन्टॅक ही संस्था यांच्यात त्रिपक्षी करार झाला. वास्तू एकाची, पैसा दुसऱ्याचा, तांत्रिक काम तिसऱ्याचे, हे आधी ठरले. २००५मध्ये त्या कामाला युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक विभागाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. छोट्या संस्थेला एवढा पसारा झेपणार नाही, पण कोण कशाला जबाबदार हे एका पानावर लिहून ठेवणे तिलाही अवघड नाही.

संस्था पत्र दाखवायला टाळाटाळ करत असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज हातात आहे. दहा रुपये शुल्क आणि साधारण तीस दिवस. ‘अमुक संस्थेला तमुक स्मारकावर कोणते काम करण्याची परवानगी दिली आहे, त्या आदेशाची प्रत मिळावी’ एवढे एक वाक्य पुरते. अर्ज पुरातत्त्वाच्या संबंधित कार्यालयाकडे जायला हवा. मोठी रक्कम द्यायची असेल तर हा महिना थांबायला हरकत नाही. जो बुरूज शतके उभा आहे तो बहुतेक वेळा आणखी एक महिना उभा राहतो.

दगडाची भाषा कळते का?

परवानगीनंतरचा प्रश्न हाताचा. तज्ज्ञ नसलेल्या देणगीदाराने हे कसे ओळखायचे? थोडी माहिती असली की ओळखता येते.

आपल्या बहुतेक गडांचा दगड बेसाल्ट, म्हणजे काळा पाषाण. कित्येक तटांत दोन चिऱ्यांमध्ये काहीच भरलेले नाही, कोरडी रचाई आहे. जिथे भरले आहे तिथे चुना आहे. तो चुना महिनोन्महिने मुरवलेला, घाण्यात मळलेला असे आणि त्यात विटांची सुरखी, गूळ, बेलफळ, हिरडा अशा गोष्टी घातल्या जात. अनेक गडांवर चुन्याच्या घाण्याची गोल चर आजही दिसते. चुना ओलावा आत कोंडून ठेवत नाही, बाहेर सोडतो, आणि भिंत थोडी हलली तर तिच्याबरोबर थोडा हलतो. सिमेंट ताठ आणि बंद. पावसाचे पाणी वरून तटाच्या पोटात शिरतेच. सांधे सिमेंटने लिंपले की त्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. मागे पाण्याचा दाब वाढतो, सिमेंटमधले क्षार दगडात उतरून त्याचे पापुद्रे काढतात, भिंतीला पोट येते आणि एखाद्या पावसाळ्यात ती बसते. सह्याद्रीत जिथे चार महिने पाणी कोसळते तिथे हे आणखी झपाट्याने होते.

म्हणून विचारा की सांध्यात काय भरणार? ‘चुना’ असे उत्तर आले तर पुढचा प्रश्न: तो कुठून आणणार, किती दिवस मुरवणार, जुन्या चुन्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेतला आहे का? ज्याने खरोखर काम केले आहे तो या प्रश्नांनी खूश होतो आणि तुम्हाला अर्धा तास सोडत नाही. ज्याने केलेले नाही तो ‘आमचा मिस्त्री बघतो’ म्हणतो. ‘चुन्यात थोडे सिमेंट घातले की पकड चांगली येते’ असे कुणी म्हणाले तर पैसे देऊ नका.

तटावरची झाडे हा असाच विषय. पिंपळ, उंबर, वड यांची मुळे चिरे उचकटतात हे खरे. पण वरून कापलेले झाड पुढच्या पावसात दुप्पट जोमाने फुटते, आणि मूळ ओढून काढले तर त्याच्याबरोबर भिंत खाली येते. खोड कापल्यावर मूळ आतल्या आत मरेल असा उपचार करावा लागतो आणि मग मोकळी झालेली जागा भरावी लागते. मोहिमेच्या आधी आणि मोहिमेच्या संध्याकाळी काढलेले दोन फोटो काहीच सिद्ध करत नाहीत. दोन पावसाळ्यांनंतरचा, त्याच कोनातून काढलेला तिसरा फोटो मागा.

नवे लाकडी दरवाजे, तोफांचे गाडे, कमानींची पुनर्बांधणी यांसाठी निधी पटकन जमतो. दरवाजा उघडण्याचा सोहळा डोळ्यांत पाणी आणतो, हे मी जाणतो. तरी इथे हात थोडा आखडता घ्यावा. १९६४च्या व्हेनिस सनदेने जगभरच्या संवर्धकांना एक मर्यादा घालून दिली आहे. पुराव्याची जागा जिथे अंदाज घेतो, तिथे पुनर्बांधणी थांबली पाहिजे. दरवाजाच्या बाबतीत पुरावा बहुधा दगडातच असतो: बिजागरीच्या खळग्या, अडसराची भोके, चौकटीची खाच. नवा दरवाजा या जुन्या खुणांवर बसणार आहे की त्यासाठी नवी छिद्रे पाडणार आहेत? नक्षी कशावरून ठरवली? याची उत्तरे आराखड्यासह मिळाली तर खुशाल द्या. पण त्याच गडावर पाण्याचे टाके गाळाने भरले असेल आणि तट पडायला आला असेल तर दरवाज्याआधी त्यांना पैसा मिळायला हवा, आणि हे प्राधान्य कुणी ठरवले तेही विचारावे. त्यासाठी संवर्धन वास्तुविशारदाने केलेली पाहणी लागते. नुकसानीच्या नोंदी, मोजमापाचे नकाशे, कामाचा क्रम आणि अंदाजपत्रक. एवढे असेल तर संस्था गंभीर आहे.

टाक्यांतला गाळ काढणे हे सर्वांत निरुपद्रवी काम वाटते, पण ते तसे नाही. गाळाच्या थरांत खापरे, नाणी, तोफगोळे, कधी शिल्पांचे तुकडे निघतात. कोणत्या थरात काय सापडले यावर पुढच्या संशोधकाला बरेच कळते. फावड्याने उपसून बाहेर फेकले की ती माहिती संपली. सापडलेल्या वस्तूंबाबत कायदाही स्पष्ट आहे. १८७८चा निखात निधी अधिनियम म्हणतो की दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाचा ठेवा मिळाला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. संस्थेच्या प्रसिद्धीच्या फोटोंत तोफगोळे, नाणी, बाण यांची मांडणी दिसली तर नम्रपणे विचारा: या वस्तू आता कुठे आहेत, पंचनामा झाला का? ‘आमच्या कार्यालयात सुरक्षित आहेत’ हे समाधानकारक उत्तर नाही.

गावाकडच्या मंदिरांबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. जीर्णोद्धाराची पावतीपुस्तके मुंबई-पुण्यातल्या गावकऱ्यांपर्यंत येतात आणि आपण कुलदैवत म्हणून न विचारता देतो. अनेकदा त्या पैशातून जुने दगडी मंदिर उतरवले जाते आणि त्या जागी सिमेंट काँक्रीटचा सभामंडप येतो, कोरीव खांबांना ऑइलपेंट बसतो, वीरगळ पायरीत जातात. त्या मंदिराला आठशे वर्षे झाली असतील, हे बैठकीत कुणाला माहीतही नसते. देणगीच्या आधी फक्त एवढे विचारा, की जुन्या बांधकामाचे काय करणार? आणि शक्य असेल तर तुमची देणगी आधी गळती थांबवण्यासाठी, चुन्याच्या कामासाठी द्या. देणगीदाराच्या शब्दाला गावाच्या बैठकीत वजन असते. ते वापरावे.

आता हिशेब

हे काम तुलनेने सोपे आहे, कारण महाराष्ट्रात त्याची चौकट पक्की आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० याखाली नोंदलेल्या न्यासाला धर्मादाय कार्यालयाचा नोंदणी क्रमांक असतो, ‘ई’ किंवा ‘एफ’ असे अक्षर, पुढे आकडा आणि जिल्हा. नोंदणी केव्हा झाली, विश्वस्त कोण, मालमत्ता काय, याचा उतारा परिशिष्ट १ म्हणून ओळखला जातो आणि धर्मादाय कार्यालयात अर्ज करून, शुल्क भरून त्याची प्रत घेता येते. उताऱ्यावरचे विश्वस्त आणि आज व्यासपीठावर दिसणारे पदाधिकारी वेगळे असतील तर बदल अर्ज दाखल केला आहे का ते विचारा. सगळे विश्वस्त एकाच घरातले असतील तर जरा थांबा. वेगळे आडनाव म्हणजे प्रामाणिकपणा असे नाही, पण जिथे कुणी कुणाला हिशेब विचारू शकत नाही तिथे चांगल्या माणसांचीही सवय बिघडते.

बऱ्याच दुर्गप्रेमी गटांची नोंदणीच नसते. कॉलेजची मित्रमंडळी एकत्र येतात, चार मोहिमा होतात आणि मग कुणाच्या तरी खात्यावर वर्गणी सुरू होते. त्यांच्या हेतूवर संशय घेऊ नये. मात्र नोंदणी नसलेल्यांना सार्वजनिक वर्गणी काढायची तर कायद्याच्या ४१ क कलमाखाली धर्मादाय कार्यालयाकडे जावे लागते. गणेश मंडळे हेच करतात. अशा गटाला पैशाऐवजी वस्तू देणे बरे: हातमोजे, दोर, घमेली, प्रथमोपचाराची पेटी, मोहिमेच्या दिवशीचे जेवण. त्याचा उपयोग तिथल्या तिथे होतो आणि कुणाच्या खात्याचा प्रश्न येत नाही.

क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पैसे पाठवण्याआधी पडद्यावर नाव येते. तिथे संस्थेचे नोंदलेले नाव दिसले पाहिजे. एखाद्या व्यक्तीचे दिसले तर व्यवहार तिथेच थांबवा आणि संस्थेच्या बँक खात्याचा तपशील मागा. हा नियम अध्यक्ष ओळखीचे असले तरी पाळावा.

लेखापरीक्षित ताळेबंद आणि जमाखर्चाचे पत्रक तीन वर्षांचे मागा. एका वर्षाचे कागद फसवू शकतात, तीन वर्षांत चाल दिसते. मी त्यांत आधी पाहतो ती शिल्लक. गडासाठी दोन वर्षांपूर्वी जमलेले पैसे तसेच पडून असतील तर त्याचे कारण काय? परवानगी रखडली असेल तर ते कारण योग्य आहे, पण ते देणगीदारांना कळवले होते का? मग पाहतो की एका कामासाठी मागितलेला निधी दुसरीकडे वळला आहे का. यासाठी तुमच्या पावतीवर उद्देश लिहून घ्या: ‘अमुक किल्ल्याच्या पश्चिम तटाच्या दुरुस्तीसाठी’. नुसते ‘देणगी’ लिहिले असेल तर ती कुठेही खर्च करता येते. आणि ‘कायम निधी’ लिहिले असेल तर मुद्दल बाजूला राहते, काम होते ते फक्त व्याजावर. तुम्हाला काय अभिप्रेत आहे ते आधी ठरवा.

व्यवस्थापनाच्या खर्चाबद्दल आपण देणगीदारच चुकतो असे माझे मत आहे. ‘शंभर टक्के रक्कम गडावरच खर्च होते’ असे कुणी म्हटले की आपण सुखावतो. पण लेखापरीक्षक फुकट मिळत नाही, वास्तुविशारदाला मानधन द्यावे लागते, तटावर चढणाऱ्या पोरांचा अपघात विमा काढावा लागतो. गडावर एक पोते चुना चढवायला गड्याची मजुरी मोजावी लागते आणि पाणीही पायथ्यावरून न्यावे लागते. हे खर्च अंदाजपत्रकात दिसले तर बिचकू नका. ते नसतील तेव्हा विचारा, की विमा कुठे आहे? आणि देखभालीची तरतूद नसलेले अंदाजपत्रक अपुरे समजा. दरवर्षी पावसाळ्यानंतर कुणीतरी जाऊन रोपटी काढणे, सांधे पाहणे, पाण्याच्या वाटा मोकळ्या करणे हे काम कुणाला दिसत नाही, पण वास्तू टिकते ती त्यामुळेच.

करसवलतीचे थोडक्यात. जिला आपण ‘८०जी’ म्हणून ओळखतो त्या सवलतीत बहुतेक नोंदणीकृत संस्थांना दिलेल्या रकमेच्या निम्म्या भागाची वजावट मिळते, तीही उत्पन्नाच्या ठरावीक मर्यादेत. दोन हजारांवरची रोख देणगी आणि वस्तुरूप देणगी त्यात बसत नाही, आणि नवी करप्रणाली निवडली असेल तर ही वजावट नाही. संस्थेने आयकर खात्याला देणगीदारांचे विवरण देऊन तुम्हाला प्रमाणपत्र द्यायचे असते. नुसती पावती पुरत नाही. २०२५च्या नव्या आयकर कायद्याने, ज्याचा अंमल १ एप्रिल २०२६पासून आहे, कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा जुन्या छापील पावत्यांवर विसंबू नका. केंद्राने १९९६मध्ये स्थापन केलेल्या राष्ट्रीय संस्कृती निधीला दिलेल्या रकमेवर पूर्ण वजावट मिळते आणि तिथे विशिष्ट स्मारकासाठी पैसे देण्याचीही सोय आहे. मोठी रक्कम असलेल्या कुटुंबांनी किंवा कंपन्यांनी हा मार्ग जरूर पाहावा. एक मात्र लक्षात असू द्या: करसवलतीचे पत्र म्हणजे सरकारने संस्थेच्या संवर्धनाच्या कामाला दिलेली पावती नव्हे. आयकर खाते तट पाहायला येत नाही.

परदेशातल्या मराठी मंडळींसाठी. तुमचे पारपत्र भारतीय असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असाल तर ती परकीय देणगी धरली जात नाही. नागरिकत्व बदलले असेल, अगदी ओसीआय कार्ड असले तरी, ती परकीय देणगी ठरते. मग संस्थेकडे परकीय देणगी घेण्यासाठीची एफसीआरए नोंदणी हवी आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या तिच्या त्यासाठीच्या विशेष खात्यातच जायला हवेत. भाऊ पुण्यात आहे, त्याच्या खात्यावर पाठवतो आणि तो संस्थेला देईल, असा मार्ग काढला तर अडचणीत येते ती संस्था. कधी कधी तिची पुढची सगळी कामे त्यामुळे थांबतात.

पहिल्यांदा लिहाल तेव्हा

एवढे सगळे एकदम विचारले तर समोरच्याला उलटतपासणी वाटेल. दुर्गसंवर्धनात राबणारे बहुसंख्य तरुण आठवडाभर नोकरी करून शनिवारी रात्रीची एसटी पकडणारे आहेत, त्यांचा मान राखून विचारावे. मी असा मजकूर सुचवेन: ‘नमस्कार. आपल्या कामाबद्दल आदर आहे आणि मला त्यात वाटा उचलायचा आहे. सध्याच्या कामाचे परवानगीपत्र, संवर्धन तज्ज्ञांचा अहवाल आणि गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब पाहायला मिळतील का? काम चालू असताना एकदा गडावर यायलाही आवडेल.’ शेवटचे वाक्य टाळू नका. कागद कसेही तयार करता येतात, काम चालू असलेला तट तसा करता येत नाही. तिथे गेलात की चुन्याचा हौद कुठे आहे ते पाहा, काढलेल्या चिऱ्यांवर क्रमांक घातले आहेत का ते पाहा, आणि देणगीदारांच्या नावाची संगमरवरी पाटी बुरुजाला भोके पाडून बसवली आहे का तेही पाहा. स्वतःच्या नावाची पाटी मागू नका, कुणी देऊ केली तर नको म्हणा.

पहिली देणगी छोटी द्या आणि तिचे काय झाले ते न विचारता कळते का याची वाट पाहा. कळले तर दुसऱ्या वर्षी हात मोकळा सोडा. सगळे कागद नसलेली पण शिकायची तयारी असलेली संस्था भेटली तर तिला टाकून देऊ नका. तुमच्या ओळखीत लेखापरीक्षक, वास्तुविशारद, वकील असेल तर त्याचे चार तास तिला मिळवून द्या. कित्येक गटांना पैशापेक्षा त्याचीच जास्त गरज असते.

आणि गडावर चुकीचे काम चालू दिसलेच, सिमेंटची पोती, ड्रिल, उकरलेली जोती, तर तिथे वाद घालू नका. राबणाऱ्या मुलांना बहुधा माहीत नसते. तारीख येईल असे फोटो घ्या, मोहिमेच्या प्रमुखांशी बाजूला बोला आणि काम थांबवायला सांगा. थांबले नाही तर गड ज्यांच्याकडे आहे त्या पुरातत्त्व कार्यालयाला किंवा वनखात्याला त्याच दिवशी लेखी कळवा आणि प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्या. पैशाबद्दल तक्रार असेल तर ती वेगळ्या अर्जाने धर्मादाय कार्यालयात करा. दोन्ही एकाच अर्जात घातल्या तर एक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवते आणि तोवर सिमेंट सुकते.